पागा, आगार आणि मुक्कामी गाडी

आमच्या गावाचे नाव परक्या माणसाला सांगावयाचे म्हणजे प्रथम त्याच्या मनातून दुसरे दोन खर्डे बाहेर काढावे लागतात. खर्डा म्हटल्याबरोबर कोल्हापूर-साताऱ्याकडील मनुष्याच्या तोंडाला पाणी सुटते व तो हिरव्या मिरच्या, लसूण आणि मीठ तव्यावर कसे रगडावे याचे साग्रसंगीत वर्णन करू लागतो. आणि समोरचा गृहस्थ सरकारी कचेरीत हयात घालवलेला असेल, तर त्याला खर्डा म्हणजे साहेबाने लाल शाईने चिरफाड करावी म्हणून तयार केलेला कच्चा मसुदा आठवतो व त्याबरोबर स्वतःची तीस वर्षांची खर्डेघाशी आठवून त्याचा चेहरा उतरतो. या दोन्ही खर्ड्यांतून वाट काढीत "जिल्हा नगर, तालुका जामखेड" असा पत्ता सांगावा, तेव्हा कोठे इतिहासाचे पुस्तक उघडलेला एखादा सज्जन उद्गारतो, "अरे हो, ती लढाई!" आणि आम्ही खर्डेकर कृतार्थ होतो. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे आणि अहिल्याबाईंचे चौंडी आमच्याच तालुक्यात असल्यामुळे त्याचा अभिमानही आम्हांला आहे; पण तोंडाला लागलेले 'नगर' सुटत नाही. असो. ११ मार्च १७९५ या एका दिवसाच्या पुण्याईवर आमचे गाव इतिहासात बसले आहे; आणि त्यानंतरच्या सव्वादोनशे वर्षांत गावाने काय केले, असे कोणी खोदून विचारलेच, तर त्याचे प्रामाणिक उत्तर असे की, गावाने गाडीची वाट पाहिली.

गेल्या दिवाळीत माझा मुंबईचा भाचा चार दिवस आमच्याकडे आला होता. वडाळ्याच्या बस-आगाराशेजारी त्याचे बिऱ्हाड असल्यामुळे, देवळाशेजारी राहणाऱ्यास जशी देवाशी सलगी वाटते, तशी त्याला 'बेस्ट'विषयी घरगुती आपुलकी आहे. कोणती गाडी कोणत्या आगारात निजते, हे तो आपल्या चुलत्यांच्या घरांविषयी बोलावे तसे बोलतो. भुईकोटाच्या बुरुजाखाली आम्ही उभे होतो; सुलतानजी निंबाळकरांनी हा किल्ला कसा बांधला, हे मी रंगात येऊन सांगत होतो; आणि इतक्यात त्याने विचारले,

"मामा, तुमच्या खर्ड्याला साधा डेपो तरी आहे का?"

"डेपो जामखेडला आहे," मी म्हणालो; आणि शेजाऱ्याच्या विहिरीवर आपल्या मळ्याची बढाई मारणाऱ्या माणसाप्रमाणे माझा आवाज आपोआप खाली गेला.

मग भाच्याने मुंबईची बखर उघडली. ९ मे १८७४ रोजी तेथे ट्राम सुरू झाली तेव्हा ती ओढावयास घोडे होते आणि कंपनीच्या पदरी असे ९०० घोडे होते. १९०७ साली घोड्यांची जागा विजेने घेतली. १५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्चपासून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत पहिली बस धावली. १९३७ साली बसला माडी चढली. १९४७ साली सगळा कारभार महापालिकेच्या हाती आला. आणि ३१ मार्च १९६४ रोजी ट्राम निवर्तली. भाचा थांबला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर पाढे बिनचूक म्हटलेल्या मुलाचे समाधान होते. पण माझे लक्ष त्या नऊशे घोड्यांपाशीच अडकून राहिले होते. नऊशे घोडे, म्हणजे त्यांचे तबेले आले, मोतद्दार आले, चंदी-वैरणीचा हिशेब आला, नाल ठोकणारे आले, आणि आजारी घोडा धडधाकट दाखवून पोटगीचा पैसा खाणारा एखादा कारकूनही ओघाने आलाच. म्हणजे ज्याला भाचा आगार म्हणतो, ती मुळात पागाच की! आणि पागेविषयी खर्ड्याच्या माणसाला मुंबईकराने शिकवावे, हे काही आमच्या बुरुजांना शोभण्यासारखे नव्हते.

वाचकांपैकी ज्यांनी मराठी दप्तरांची धूळ खाल्ली आहे, त्यांना ठाऊकच आहे की, मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. घोडा आणि हत्यार ज्याचे स्वतःचे, तो शिलेदार. आणि ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे, तो बारगीर. शिलेदाराचा रुबाब मोठा, पण रणात त्याचा एक डोळा शत्रूवर आणि दुसरा आपल्या घोड्यावर असे. कारण घोडा पडला, तर भांडवल बुडाले. बारगिराचा घोडा सरकारचा असल्यामुळे तो पडला तर सरकारचा पडे, आणि बारगीर जिवंत असेल तर दुसरा मागून घेई. आपल्या देशातील प्रवासी मोटारींचा सगळा इतिहास या दोन शब्दांत सामावलेला आहे, असा माझा सिद्धांत असून तो अद्याप कोणी खोडून काढलेला नाही. याचे एक कारण असे की, तो मी आजवर कोणाला सांगितलेला नाही.

स्वराज्यापूर्वीच्या सर्व्हिस मोटारी या शिलेदारांच्या मोटारी होत. माझे वडील ज्या मोटारीने नगरला जात, ती कोणाची होती हे सांगण्यात आता अर्थ नाही. मालक कैलासवासी झाले व मोटार बहुधा त्यांच्याही आधी. ती मोटार भरल्यावर सुटे. हे वाक्य वाचावयास सोपे आहे. पण 'भरणे' या क्रियापदाचा अर्थ मालकाच्या स्वाधीन होता. सर्व बाके भरली म्हणजे अर्धी मोटार भरली असे समजत; मधल्या वाटेत पोती व पोत्यांवर माणसे बसली म्हणजे पाऊण; आणि टपावर कोंबड्या, मडगार्डवर गावचा एखादा पैलवान व ड्रायव्हरच्या मांडीपाशी पाटलांचा धाकटा मुलगा अशी सिद्धता झाली, की मालक पानाची पिंक टाकून "आता आणखी दोघे आले की निघू" असे म्हणे. महायुद्धात पेट्रोल दुर्मीळ झाले, तेव्हा या मोटारींच्या पाठीला कोळशाच्या गॅसची भट्टी बसली. निघण्यापूर्वी क्लीनर पंख्याचे हँडल फिरवून फिरवून भट्टी फुलवी, आणि प्रवासी आपापल्या परीने त्यास सल्ले देत. चढ लागला की पुरुषमंडळी उतरून चालत. चढ मोठा असला की ढकलत. आणि नगर आले की तिकिटाचे पैसे पूर्ण देत. वडील म्हणत, "त्या मोटारीने आम्ही नगरला गेलो, का आम्ही त्या मोटारीला नगरला नेले, हा वादाचा प्रश्न आहे."

या शिलेदारांच्या मुलखात सरकारी बारगीर प्रथम अवतरला तो १ जून १९४८ रोजी, आणि सांगण्यास अभिमान वाटतो की, तो पुणे ते नगर याच रस्त्यावर. लाकडी सांगाड्याची, काथ्या भरलेल्या बैठकांची, तीस माणसांची ती बेडफर्ड गाडी त्या दिवशी नगर-पुण्याच्या दरम्यान धावली आणि मुंबई राज्यात एस. टी.चा जन्म झाला. पुढे १९५० साली मार्ग परिवहन महामंडळांचा कायदा झाला. सुरुवातीच्या त्या पागेत घोड्यांच्या जाती तरी किती असाव्यात! शेव्हरोले, फोर्ड, बेडफर्ड, सेडन, स्टुडबेकर, मॉरिस कमर्शियल, अल्बियन, लेलँड, कॉमर, फियाट. एकीचा पान्हा दुसरीस लागावयाचा नाही आणि तिसरीचा आजार चौथीच्या वैद्यास कळावयाचा नाही. या कुळांत दोन राजकन्याही होत्या : 'नीलकमल' आणि 'गिरीआरोहिणी'. पुणे-महाबळेश्वर रस्त्यावर धावणाऱ्या या दोन गाड्यांना पडदे होते, हिरवट काचा होत्या आणि आत चक्क घड्याळ होते. एस. टी.च्या गाडीत घड्याळ लावण्याचे धाडस करणारा तो अधिकारी कोण असेल, याचे मला फार कुतूहल आहे. आणि पुढील गाड्यांत ती प्रथा का राहिली नाही, याचे मुळीच नाही.

येथपर्यंत माझा सिद्धांत सुरळीत चालला होता आणि नगर रस्त्याच्या पुण्याईने मी भाच्याला जवळजवळ निरुत्तरही केले होते. परंतु इतिहासाला एक वाईट खोड असते. आपण त्याच्या आधाराने कोणाला हरवू लागलो, की तो मधेच उठून तिसऱ्याच्या बाजूने साक्ष देतो.

१७९५ साली आमच्या माळावर निजामअलीचा मोड झाला. शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सगळे सरदार पेशव्यांच्या जरीपटक्याखाली एकत्र आलेले होते. आजच्या भाषेत सांगावयाचे, तर सर्व शिलेदार अखेरचे एका गाडीत बसले, आणि पुढे ज्याने त्याने आपापली सर्व्हिस मोटार काढली. निजामाच्या फौजेत रात्री घबराट उडाली, तो मागे हटून याच किल्ल्याच्या आसऱ्याला आला, आणि अखेर तह करून त्याला आपला दिवाण मुशीरुल्मुल्क मराठ्यांच्या हवाली करावा लागला. ही कथा आम्ही पाहुण्यांना सांगतो ती येथवर. यापुढील भाग आम्ही सांगत नाही. तो असा की, त्याच घराण्यातील सातव्या निजामाने, मीर उस्मान अलीने, जून १९३२ मध्ये आपल्या रेल्वेच्या हाताखाली सरकारी मोटार खाते काढले आणि २७ गाड्या व १६६ नोकर यांच्या जोरावर सरकारी बस चालवून दाखवली. म्हणजे पुणे-नगर रस्त्यावर आमची बेडफर्ड निघाली, तेव्हा निजामाची गाडी सोळा वर्षांची होऊन मिशा फुटण्याच्या वयाला आली होती! आमचे गाव सरहद्दीवरचे. पूर्वेकडे दोन पावले टाकली की निजामाचा मुलूख. तिकडे राजाची मोटार सरकारी वेळेवर निघते, आणि इकडे आपण विजयी पक्षाचे लोक मोटार भरण्याची वाट पाहत पोत्यावर बसलो आहोत, हे दृश्य माझ्या वडिलांच्या पिढीस कसे वाटले असेल, याची कल्पनाच केलेली बरी. १७९५ चा सूड इतक्या सभ्यपणे आणि इतक्या उशिरा कोणी घेतल्याचे दुसरे उदाहरण निदान माझ्या वाचनात नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी संपली, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, महाराष्ट्र झाल्यावर तिकडच्या आणि इकडच्या गाड्या एकाच महामंडळात नांदू लागल्या. आणि खर्ड्याचा तह खऱ्या अर्थाने अमलात आला तो तेव्हा.

आता आगाराविषयी. संस्कृतात आगार म्हणजे घर. कोकणात आगर म्हणजे नारळी-पोफळीची बाग. समुद्रकाठी ते मिठाचे असते, आणि शोकसभेत कैलासवासी व्यक्ती सद्गुणांचे आगार असते. एस. टी.च्या आगारात मी प्रथम शिरलो, तो एका छत्रीच्या शोधार्थ. छत्री गाडीत विसरलो मी. त्यात गाडीचा, कंडक्टरचा अथवा पावसाचा काही दोष नव्हता. म्हणून ते आगार कोणते, हे सांगण्याचे कारण नाही. फाटकातून आत जाताच जे दिसले, त्याने मी छत्री विसरलो, म्हणजे दुसऱ्यांदा विसरलो. रस्त्यावर धुरळा उडवीत, सायकलस्वारांना झाडाच्या आश्रयाला लावीत जाणाऱ्या त्या गाड्या येथे ओळीने उभ्या होत्या, आणि त्यांच्या मुद्रेवर न्हाव्याच्या दारी बसलेल्या पोरांची अगतिकता होती. एकीचे चाक काढलेले होते, एकीचे बॉनेट उघडून तिघे जण आत डोके घालून जणू तिची नाडी ऐकत होते, आणि एक गाडी लांबट खड्ड्यावर उभी होती. रस्त्यावरच्या ज्या खड्ड्यांनी गाडी आजारी पडते, तिच्यावर उपचारही खड्ड्यावरच करावयाचे, हा काट्याने काटा काढण्याचा प्रकार पाहून मी थक्क झालो. त्या खड्ड्यातून पाताळातून यावा तसा एक हात वर आला, आणि आवाज आला, "पान्हा द्या!" वर उभ्या असलेल्या पोराने पान्हा दिला, हात अंतर्धान पावला. आईची माया आणि मेकॅनिकचे हत्यार यांना मराठीने एकच शब्द का ठेवला असेल, याचा उलगडा मला त्या दिवशी झाला : रडणारे कोण व त्याला गप्प करणारे काय, एवढेच पाहावयाचे.

छत्रीचे काम ज्या कारकुनाकडे होते, त्याने मोठी नोंदवही उघडली.

"गुरुजी, छत्री काळी व्हती का?"

"काळीच."

"मूठ वाकडी?"

"वाकडी."

त्याने कपाटातून एक छत्री काढून माझ्यापुढे ठेवली. मी ती उघडून पाहिली व म्हणालो, "ही माझी नव्हे. माझ्या छत्रीची एक काडी मोडलेली होती."

कारकुनाने वहीत पाहिले, छत्रीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि शांतपणे विचारले, "मग गुरुजी, दुरुस्त हून मिळाली, असं लिवू का?"

मी नको म्हणालो. पण वाटेत मला त्या माणसाविषयी विलक्षण आदर वाटू लागला. जेथे दिवसरात्र मोडलेल्या वस्तू आत येतात व धडक्या होऊन बाहेर जातात, तेथे बसणाऱ्याची एवढी श्रद्धा असावयाचीच. पागेतील मोतद्दाराला घोडा कधी म्हातारा दिसत नसे, तशीच आगारातील मंडळींना गाडी कधी जुनी दिसत नाही. दापोडी, चिकलठाणा, हिंगणा येथील मोठ्या कार्यशाळांत नव्या गाड्यांचे सांगाडे बांधले जातात, आणि १९८२ च्या आशियाई खेळांपासून ज्या निमआराम गाड्यांना जग 'एशियाड' म्हणू लागले, त्याही त्याच कुळातल्या. पण गाडीचा जन्म कोठेही होवो, तिचे आयुष्य वाढते ते तालुक्याच्या खड्ड्यावर.

आगाराचा महिमा सांगितला. आता गाडीच्या अंतरंगाकडे वळतो. विधानसभा सदस्यांसाठी राखीव असलेल्या जागेवर बसलेला विधानसभा सदस्य मी अजून पाहिलेला नाही; त्या जागेवर बहुधा लग्नाची भांडी असतात. कंडक्टरची तिकिटांची पेटी गेली, तिच्या कडेवर पंच वाजवून "सरका पुढे" म्हणणारा तो तालही गेला, आणि त्या जागी कागदाची चिंधी ओकणारे यंत्र आले. पण अर्ध्या तिकिटाचा वाद मात्र चिरंजीव आहे. बारा वर्षांखालील मुलास अर्धे तिकीट असल्यामुळे आमच्याकडील कित्येक मुले अकराव्या वर्षी जी थबकतात, ती मिसरूड फुटेपर्यंत हलत नाहीत. मी शाळेत हेडमास्तर होतो. त्या सर्वांच्या जन्मतारखा मीच हजेरीपटावर लिहिलेल्या. "अकरावं चाललंय वो!" असे एखादी माउली ठासून सांगते, आणि मागच्या बाकावर मला पाहून पदराने तोंड झाकून घेते; तेव्हा मीही खिडकीतून दूरच्या डोंगराकडे पाहू लागतो. मात्र ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी उलटलेल्यांना प्रवास मोफत झाला आणि गावात वयाचा ओघ एकाएकी उलटा वाहू लागला. जो गृहस्थ पन्नास वर्षांपूर्वी अकराचाच असल्याचे शपथेवर सांगत होता, तोच आता सदुसष्टाव्या वर्षी छाती पुढे काढून कंडक्टरला पंच्याहत्तर सांगतो. मनुष्याच्या आयुष्यात खरे वय सांगण्याजोगा काळ फार थोडा, एवढे तत्त्वज्ञान मी या गाडीत बसून शिकलो.

परंतु खर्ड्याचे आणि एस. टी.चे खरे नाते दिवसाच्या गाड्यांशी नाहीच. ते आहे मुक्कामी गाडीशी. दिवसाची गाडी गावात येते ती उंबऱ्यावरून पाणी पिऊन जाणाऱ्या वाटसरासारखी. मुक्कामी गाडी सांज कलल्यावर येते, दिवसभराची धूळ अंगावर घेऊन झाडाखाली उभी राहते, आणि इंजिन बंद झाल्यावरही काही वेळ तिच्या पोटात कसले तरी टिकटिक चालू असते. ड्रायव्हर आरशावर गमछा वाळत घालतो. कंडक्टर शेवटच्या लांब बाकावर हिशेब जुळवून पैशांची पिशवी उशाशी घेतो. कोणाच्या तरी घरून फडक्यात बांधलेल्या भाकऱ्या व पिठले येते आणि त्यावर खर्डाही असतो, तव्यावरचा. त्या रात्री गावातले कुत्रेसुद्धा गाडीच्या चाकाशी अधिक विश्वासाने निजते. जेथे पागा नाही तेथे सगळा तळच पागा होतो, हे लष्करी शास्त्र आहे. १७९५ साली फौजांनी या माळावर राहुट्या ठोकल्या तेव्हा त्यांच्याही कागदावर "मुक्काम खर्डे" असेच पडले असणार.

मुक्काम आला म्हणजे कूच आलाच. भाचा परत निघाला, त्या पहाटे त्याला मुक्कामी गाडीवर पोहोचवण्याचे मी पत्करले. "मामा, गाडी नक्की किती वाजता सुटते?" असे त्याने तीनदा विचारले, आणि शिलेदारांच्या परंपरेत वाढलेल्या माझ्यातील खर्डेकराने तीनदा उत्तर दिले, "भरली की." आम्ही सावकाश चहा घेतला. त्याची मामी म्हणाली, "अहो, निघा आता". तेव्हा मी बाकरवड्यांचा डबा पिशवीत नीट बसवीत होतो. वेशीपाशी आलो, तो झाडाखाली तेलाचे चार थेंब, बिडीचे एक थोटूक आणि नुकत्याच उठलेल्या कुत्र्याची कोरडी जागा एवढेच होते. गाडी ठरल्या मिनिटाला कूच करून गेली होती. दोष सर्वस्वी माझा होता, आणि भाच्याने तो मोठ्या उदारपणे माझ्याच पदरात राहू दिला.

परवा त्याचे पत्र आले, पोहोचल्याचे कळवून खाली पुन्हा एक खोचक ओळ होती : "डेपोचे काही जमते का पाहा." मी उत्तराचा खर्डा तयार केला, खोडला, पुन्हा केला. शेवटी एवढेच लिहिले की, आमच्याकडे आगार नाही, त्याची गरजही नाही. मुंबईच्या गाड्या आगारात निजतात, आमची गाडी गावात निजते. मग पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता घालताना हाताच्या सवयीने 'मु. पो. खर्डा' असे लिहिले आणि लेखणी क्षणभर थबकली. आजवर समजत होतो की, त्यातला मुक्काम आमचा आहे. तो गाडीचा आहे. आम्ही बाकीचे पोस्टात.